गॅरेजची खोली आणि दोन परवानग्या

१/७
इंग्लंडमध्ये घराला लागून असलेल्या गॅरेजची राहती खोली करायची, तर दोन प्रश्न उभे राहतात : नियोजन परवानगी लागेल का, आणि बांधकाम नियमांची मंजुरी? दोन्ही एकच भासतात. पण त्यांचा जन्म वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या भीतीपोटी झाला. #धागा

२/७
पहिली भीती आगीची. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनमधील सुमारे १३,२०० घरे भस्मसात झाली. १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने बाहेरील भिंती विटांच्या वा दगडाच्या असाव्यात असे ठरवले, त्यांची जाडीही नेमून दिली.

३/७
मग रोगराईची. गिरण्यांच्या शहरांतील कोंदट चाळवजा वस्त्या पाहून १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने हवा, सांडपाणी, घराभोवतीची मोकळी जागा यांविषयी उपविधी करण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना दिले. आजच्या बांधकाम नियमांचे मूळ येथे आहे.

४/७
नियोजनाचा जन्म मात्र शहरे शेते गिळू लागल्यावरचा. १९४७ चा नगर व ग्रामनियोजन कायदा १ जुलै १९४८ पासून अमलात आला. जमीन मालकाचीच राहिली. तिच्यावर काय उभारायचे, हे ठरवण्याचा अनिर्बंध हक्क मात्र संपला.

५/७
या कायद्याने एक सूट ठेवली : बाह्यरूपात लक्षणीय फरक न पाडणारे आतील काम ‘विकास’ ठरत नाही. म्हणून गॅरेजची खोली करताना बहुधा नियोजन परवानगी लागत नाही. अपवाद : स्वतंत्र निवास करणे, वारसा यादीतील वास्तू, किंवा गॅरेज वाहनासाठीच राखण्याची मूळ मंजुरीतील अट.

६/७
बांधकाम नियमांत अशी सूट नाही. गॅरेज मोटारीसाठी बांधलेले असते. भिंत अनेकदा एकेरी विटेची, जमिनीला ओल. दाराच्या जागी भिंत घालायची तर तिला पाया हवा. शिवाय ऊब, वायुवीजन आणि आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट हवी.

७/७
नियोजनाला रस्त्याची आणि शेजाऱ्याची काळजी. बांधकाम नियमांना आत झोपणाऱ्याची. म्हणून ‘नियोजन परवानगी लागत नाही’ याचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा घेणे घातक. १६६६ च्या आगीचा धडा आजही त्या छोट्या खोलीच्या दाराशी उभा आहे.