‘साध्वी मीराबाई’ : बालगंधर्वांच्या अखेरच्या बोलपटाच्या अपयशाची मीमांसा

कलावंताची अखेरची कृती अयशस्वी ठरली म्हणजे त्याची कला ओसरली, असा निष्कर्ष सहजच काढला जातो. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888-1967) यांनी स्वतः भूमिका केलेल्या अखेरच्या बोलपटासंबंधी, म्हणजे 1937 सालच्या ‘साध्वी मीराबाई’संबंधी, हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

1913 साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. ‘स्वयंवर’ (1916) व ‘एकच प्याला’ (1919) या नाटकांनी तिची कीर्ती शिखरास पोहोचविली. परंतु 1921 च्या सुमारास कर्जाचा भार उघड झाला. आणि पुढील दशकात बोलपट येताच नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक पांगू लागला. अशा स्थितीत बालगंधर्वांनी ‘प्रभात’शी सहा चित्रपटांचा करार केला. त्यांपैकी व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’ (1935) हा एकच निघाला. त्यात ते संत एकनाथांच्या, अर्थात पुरुषाच्या, भूमिकेत होते. चित्रपटास अपेक्षित यश लाभले नाही व भागीदारी संपली.

या अपयशाचे कारण विषयात शोधता येत नाही. पैठणपासून आजच्या जालना जिल्ह्यातील जांब समर्थपर्यंतच्या गोदातीराला नाथांचे चरित्र कीर्तनांतून परिचित होते. शिवाय पुढल्याच वर्षी ‘प्रभात’च्याच ‘संत तुकाराम’ने अपूर्व यश मिळविले. त्यातील तुकाराम, विष्णुपंत पागनीस, हेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. मात्र पडद्यावर येताना पागनिसांकडे प्रेक्षकांची तशी कोणतीही ठाम मागणी नव्हती. बालगंधर्वांचा प्रेक्षक भामिनी, रुक्मिणी व सिंधू यांना पाहावयास येत असे. एकनाथांच्या वेषात त्याला त्या भेटल्या नाहीत.

‘साध्वी मीराबाई’त ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न दिसतो. बाबुराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली, रंगभूमीवरील ‘अमृतसिद्धी’च्या आधाराने, बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. रंगभूमीवर वयाचा प्रश्न उपस्थित होत नसे. कारण अंतर, दिव्यांचा प्रकाश आणि पिढ्यांनी मान्य केलेला संकेत यांतून नायिका निर्माण होत असे. कॅमेऱ्याने अंतर नष्ट केले. संकेतही पालटला होता : ‘अयोध्येचा राजा’ (1932) मध्ये दुर्गा खोटे यांनी तारामती साकारली होती आणि 1937 सालीच ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांची नीरा लोकांपुढे आली. ज्या प्रेक्षकाला पडद्यावर स्त्री दिसू लागली होती, त्याला पुरुषाने घेतलेले स्त्रीरूप तेथे पटणे कठीण होते.

गाण्याचीही तीच गत झाली. नाट्यपदाची बैठक श्रोत्यांच्या प्रतिसादावर असते. ‘वन्स मोअर’ मिळताच तोच चरण नव्या स्वरावलीने, शब्दातील एखादा स्वर लांबवून, एखाद्या अक्षरावर किंचित थांबून पुन्हा मांडावयाचा, ही बालगंधर्वांची खासियत. तेथे शब्दाचा अर्थ उच्चारातून उलगडत जाई. चित्रीकरणाच्या वेळी समोर श्रोता नसतो आणि एकदा मुद्रित झालेले पद प्रत्येक खेळात तेच राहते. म्हणजे गायकाचा कंठ पडद्यावर पोहोचला, परंतु ज्या संवादातून ते गायन घडे, तो संवाद बाहेरच राहिला.

या घटनेनंतर बालगंधर्व रंगभूमीकडेच परतले. लवकरच गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या व नायिकांच्या भूमिका करू लागल्या. जो बदल पडद्याने घडविला होता, तो मंडळीच्या रंगमंचावरही उतरला. स्वतः बालगंधर्वांचा लौकिक मात्र अबाधित राहिला. 1955 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1964 साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले.

सारांश, ‘धर्मात्मा’त माध्यमाला साजेशी भूमिका होती, पण प्रेक्षकाची मागणी दुसरी होती; ‘साध्वी मीराबाई’त मागणी पुरविली गेली, पण ती माध्यमाला साजणारी नव्हती. अभिनेत्याच्या उतरत्या कळेचा पुरावा म्हणून या चित्रपटाकडे बोट दाखविणाऱ्याने हा पेच ध्यानी घ्यावयास हवा. तिकिटांच्या विक्रीवरून प्रेक्षकाची पसंती कळते. कलेचे मोल ठरविण्यापूर्वी ती पसंती कोणत्या संकेतांवर उभी होती, हे इतिहासकाराने पाहिलेच पाहिजे.