थांबणाऱ्यांचा हिशेब : चौकाच्या प्रारूपाचा इतिहास

मराठी विभागातल्या माणसांनी वाहतुकीच्या सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर शिकायला बसावे, याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. महानगरीय साहित्य शिकवताना रस्ता, गर्दी, चौक हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो. कधी प्रतिमा म्हणून, कधी प्रतीक म्हणून, पुष्कळदा केवळ सवयीने. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या एका स्नेह्याने एकदा सहज विचारले, "सर, तुमच्या समीक्षेतल्या या गर्दीत माणसे किती असतात हो?" प्रश्न थट्टेचा होता, पण तो मनातून जाईना. मग त्यांनीच आमच्या संगणकावर 'सुमो' बसवून दिले आणि एका चौकाचे प्रारूप स्वतः करून पाहा, असे सुचवले.

सुमो हे जर्मनीतील डीएलआर या हवाई व अवकाश संशोधन संस्थेत घडलेले आणि २००१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध असलेले सॉफ्टवेअर. पडद्यावर आधी बिंदू मांडायचे, ते रेषांनी जोडायचे, प्रत्येक रेषेवर लेन किती आणि कोणत्या लेनमधून कुठे वळता येईल हे सांगायचे, सिग्नलच्या वेळा भरायच्या आणि गाड्या सोडायच्या. आमचा पहिला चौक सुरू झाला तेव्हा सगळ्या गाड्या उजव्या बाजूने धावू लागल्या. वाहतूक डावीकडून हवी असेल तर तसे वेगळे सांगावे लागते, हे आम्हाला दोन दिवसांनी कळले.

गाडी म्हणजे काय, हेही तिथे ठरलेले असते. काही न सांगितल्यास मोटारीची लांबी ५ मीटर, पुढच्या गाडीपासून उभे राहण्याचे अंतर अडीच मीटर. चालकासाठी 'सिग्मा' नावाचा एक आकडा असतो. तो चालकाच्या अपुरेपणाचे माप. शून्य म्हणजे निर्दोष चालक, एक म्हणजे फारच चुकणारा. आणि न सांगता मिळणारा चालक ०.५ चा, म्हणजे बरोबर मधला. स्वभावचित्रणावर तासच्या तास बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आटोपशीरपणा जरा झोंबला. गर्दीतली यदृच्छाही एका बीज-अंकावर चालते. तो अंक बदलला नाही तर तीच गाडी त्याच क्षणी त्याच जागी पुन्हा अडखळते.

तासाभराची वाहतूक चालवून झाली की सॉफ्टवेअर एक तक्ता देते : कोणती गाडी किती सेकंद उभी राहिली, तिचा किती वेळ गेला. तो तक्ता वाचताना आमच्या लक्षात आले की आमच्या चौकात एकही माणूस पायी चालत नव्हता. पदपथ आणि झेब्रा क्रॉसिंग आम्ही मागितलेच नव्हते, म्हणून ते मिळाले नव्हते. सॉफ्टवेअरला दोष देण्याचे कारण नाही. मागितले की ते देते. पण चौकाची पहिली व्याख्या पादचाऱ्यावाचून पूर्ण व्हावी, या गोष्टीला इतिहास आहे, आणि तो सुरू होतो नेमका उलट्या टोकापासून.

डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ, ब्रिज स्ट्रीट आणि ग्रेट जॉर्ज स्ट्रीट मिळतात तिथे जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. तो रेल्वेचे सिग्नल जाणणाऱ्या जे. पी. नाइट या अभियंत्याने योजला होता. दिवसा रेल्वेसारखे वर-खाली होणारे हात, रात्री गॅसचे लाल आणि हिरवे दिवे, आणि ते हलवायला खाली एक पोलीस. हे सारे कोणासाठी? पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी, त्यातही पार्लमेंटच्या सदस्यांसाठी. हात आडवे झाले की घोडे आणि गाड्या दोन्ही बाजूंना थांबायच्या आणि माणसे पलीकडे जायची. हिरव्या दिव्याचा अर्थही 'जा' असा नव्हता. 'सांभाळून' असा होता. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट होऊन पोलीस भाजला आणि प्रयोग आटोपला. विजेचा सिग्नल आला तो १९१४ साली, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला.

मधल्या काळात रस्त्यावरचा गुन्हेगार बदलला. अमेरिकन इंग्रजीत 'जे' म्हणजे शहराची रीत न कळणारा खेडवळ. त्यापासून रस्ता कुठेही ओलांडणाऱ्यासाठी 'जेवॉकर' हा हेटाळणीचा शब्द निघाला. लॉस एंजेलिसने १९२५ च्या नियमावलीत पादचाऱ्याला आखलेल्या जागीच रस्ता ओलांडण्याचे बंधन घातले आणि इतर शहरांनी तो कित्ता गिरवला. ज्याच्यासाठी गाड्या थांबवायला सिग्नल जन्मला, त्यालाच आता सिग्नलसाठी थांबायचे होते. शब्दाने माणसाची जागा कशी बदलते, याचे उदाहरण भाषेच्या वर्गात द्यायला याहून चांगले आम्हाला सुचत नाही.

मोजणी सुरू झाली ती या बदलानंतर. ओहायोत ब्रूस ग्रीनशील्ड्स यांनी १९३० च्या दशकात चलच्चित्राचा कॅमेरा रस्त्याकडेला लावून गाड्यांचा वेग आणि दाटी यांचे नाते मांडले. आम्हाला त्यांचा त्यानंतरचा, १९४७ चा चौकांविषयीचा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. दिवा हिरवा झाला की रांगेतली पहिली गाडी निघायला ३.८ सेकंद घेते. दुसरी तिच्यामागून ३.१ सेकंदांनी, तिसरी २.७, चौथी २.४, पाचवी २.२ आणि सहावीपासून पुढच्या साऱ्या २.१ सेकंदांच्या अंतराने जातात. प्रत्येक गाडीला २.१ सेकंदच पुरेसे मानले तर पहिल्या पाचांनी मिळून ३.७ सेकंद जास्तीचे घेतले. दिवा बदलताना हा वेळ दर वेळी वाया जातो. मान वर करून दिवा पाहणे, गिअर टाकणे, पुढचा हलला का ते बघणे, हे सारे माणूसपण त्या ३.७ मध्ये आहे, आणि शास्त्रात त्याचे नाव आहे 'गमावलेला वेळ'.

१९५६ साली मिशिगन विद्यापीठात गूड, पोलमार आणि राइट यांनी सिग्नल असलेला चौक संगणकावर चालवून दाखवला. पण चौकाचे गणित ज्या एका नावाशी कायमचे जोडले गेले ते नाव एफ. व्ही. वेबस्टर. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने १९५८ मध्ये त्यांचा सिग्नलच्या वेळांवरचा निबंध काढला. त्यातले सूत्र आजही प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले जाते. सिग्नलच्या एका पूर्ण फेरीत जितके सेकंद वाया जातात त्यांची दीडपट करायची आणि त्यात ५ मिळवायचे. मग प्रत्येक दिशेला प्रत्यक्ष येणाऱ्या गाड्यांना, हिरवा दिवा अखंड राहिला असता तर जास्तीत जास्त किती गाड्या गेल्या असत्या त्या संख्येने भागायचे आणि आळीपाळीने सुटणाऱ्या दिशांसाठी ही गुणोत्तरे मिळवायची. ही बेरीज म्हणजे चौकावरचा भार. तो एकातून वजा करून जे उरेल, त्याने पहिल्या संख्येला भागले की फेरी किती सेकंदांची असावी ते कळते. वाया जाणारा वेळ १० सेकंद धरला तर भार ०.५ असताना फेरी ४० सेकंदांची, ०.७५ ला ८०, ०.९ ला २००. भार एक झाला की भाजक शून्य होतो आणि सूत्र बोलायचे थांबते.

सूत्र देखणे आहे, यात शंका नाही. त्याच निबंधात विलंबाचे जे दुसरे सूत्र आहे त्याचे तिसरे पद वेबस्टर यांनी शुद्ध गणिताने काढले नाही. संगणकावर काल्पनिक वाहतूक चालवून, आकड्यांना जुळेल अशी वक्ररेषा बसवून ते मिळवले. म्हणजे सिम्युलेशन सूत्राच्या पोटातच होते. पण सूत्र कमीत कमी काय करू पाहते? वाहनांचा सरासरी विलंब. पादचारी इथे येतो तो अट म्हणून : त्याला ओलांडता येईल एवढा किमान वेळ ठेवा. त्याच्या थांबण्याची बेरीज होत नाही. २०० सेकंदांच्या फेरीत पदपथाच्या कडेला उभी असलेली बाई या हिशेबात फुकट उभी असते. वाहनांतही बस म्हणजे २.२५ मोटारी, रस्ता ती तेवढा व्यापते म्हणून. आत पन्नास माणसे आहेत की पाच, याचा सूत्राशी संबंध नाही.

पुढचा टप्पा आम्हा साहित्यवाल्यांना जवळचा वाटतो, कारण तिथे चालकाला मन मिळाले. कार्ल्सरूह येथे राइनर वीडेमान यांनी १९७४ मध्ये असे मांडले की चालक पुढच्या गाडीच्या प्रत्येक बारीक हालचालीला प्रतिसाद देत नाही. अंतर किंवा वेग यांतला फरक जाणिवेच्या उंबरठ्यापलीकडे गेला तरच तो काही करतो. त्यामुळे त्याच्या चार अवस्था होतात : मोकळे चालणे, जवळ येणे, मागोमाग राहणे आणि ब्रेक दाबणे. याच विचारावर त्याच शहरातल्या पीटीव्ही कंपनीचे 'विसिम' हे सॉफ्टवेअर उभे आहे. सुमोतला नेहमीचा चालक श्टेफान क्राउस यांच्या १९९८ च्या कलोनमधील प्रबंधातून आला. पण या दोन्ही चालकांना पुढे एकच गाडी दिसते, आपल्याच लेनमधली. लेन आहे आणि ती पाळली जाते, हे गृहीत.

इथे आपल्या चौकाचा विषय आपोआप निघतो. लाल दिव्याला दुचाक्या मोटारींच्या फटींतून झिरपत पुढे येऊन उभ्या राहतात, रिक्षा अर्धी एका लेनमध्ये अर्धी दुसऱ्या लेनमध्ये असते, आणि 'पुढची गाडी' कोणती याला उत्तर नसते. हे दाखवण्यासाठी सुमोत लेनचे उभे पट्टे पाडण्याची सोय आता आहे. त्याआधी आपल्याकडे मार्ग काढला गेला तो एककाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाची किंमत मोटारींत दिली आहे. मोटार आणि रिक्षा १, दुचाकी ०.५, सायकलही ०.५, ट्रक किंवा बस ३, सायकल रिक्षा २, हातगाडी ३, घोडागाडी ४ आणि बैलगाडी ८. बैलगाडी लहान असेल तर ६.

या तक्त्यावर आमचे एक संध्याकाळभर बोलणे झाले. ग्रामीण साहित्यात बैलगाडी घराची, शेताची, बाजाराची. इथे ती आठ मोटारींचा अडथळा. हे माप चुकीचे नाही, प्रश्न आहे तो मोजपट्टीचा. जो रस्ता तिचा होता, त्यावर तिला मोटारीच्या भाषेत ओळख पटवावी लागते. सतीश चंद्र आणि उपेंद्र कुमार यांनी २००३ मध्ये ठरीव आकड्यांऐवजी वेगाचे आणि जमिनीवरील आकाराचे गुणोत्तर घेऊन ही किंमत काढण्याची रीत मांडली. केंद्रीय मार्ग अनुसंधान संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या 'इंडो-एचसीएम' या ग्रंथात भारतीय रस्त्यांवरच्या मोजण्यांचा आधार आहे आणि पादचाऱ्यांच्या सोयींना स्वतंत्र प्रकरण आहे. उशीर झाला खरा, पण झाले हे चांगले.

(शब्दाचेही थोडे बोलावे. चौक हा 'चतुष्क' पासून आला. वाड्याला चौक असतो, तिथे पाट मांडतात, पोरे खेळतात. अभियंत्याचा चौक म्हणजे रेषांचे छेदन. दोन दुपदरी रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे वाहनांच्या टक्करीची ३२ संभाव्य ठिकाणे असतात, असे तो मोजून सांगतो. एक शब्द बसायचा, दुसरा निघून जायचा. असो.)

आम्ही आमच्या चौकात पदपथ घातले, झेब्रा क्रॉसिंग घातले, माणसे सोडली. तक्ता लांबला. पण एक कोडे उरले होते. भार वाढवला की काही गाड्या अचानक नाहीशा होऊन पुढच्या रस्त्यावर उगवत. स्नेह्यांना विचारले तर ते हसले. गाडी ३०० सेकंद एकाच जागी अडकली की सुमो तिला उचलून पुढे ठेवते. सारे जाळे गोठू नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्या आकड्याच्या जागी उणे एक लिहिले की कोणी नाहीसे होत नाही.

आम्ही उणे एक लिहिले. रांगा वाढत वाढत पडद्याच्या कडांना भिडल्या. त्यानंतर मात्र गाड्यांची सरासरी थांबण्याची वेळ आम्हाला वाटली होती तितकी वाढेना. पुष्कळ शोधल्यावर कारण सापडले. ज्या गाड्यांना रस्त्यावर पाऊल टाकायलाच जागा नाही, त्या प्रारूपाच्या बाहेर उभ्या असतात. त्यांचा प्रवास अजून सुरू झालेला नाही, म्हणून त्यांचे थांबणे 'थांबणे' या रकान्यात येत नाही. प्रवेशापूर्वीच्या विलंबाचा रकाना वेगळा आहे. आम्ही दोन्ही रकाने मिळवले, पायी चालणाऱ्यांचा गेलेला वेळ तिसऱ्या रकान्यात लिहिला आणि सरासरी पुन्हा काढायला बसलो.