हृदयाच्या ठोक्यांचा साक्षीदार

चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कोसळतो आणि मिनिटभरात भानावरही येतो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत नाडी नेहमीसारखी झालेली असते, रक्तदाब ठीक असतो आणि ईसीजीच्या आलेखातही नवे काही दिसत नाही. ‘उन्हाचा त्रास असेल, अशक्तपणा असेल’ असे म्हणून घरचे निश्चिंत होतात. मात्र ज्याला पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याच्या हृदयाचा स्नायू दुबळा झाला आहे, त्याची भोवळ अशी सहज सोडून देता येत नाही. त्या मिनिटात हृदय थांबले होते, बेसुमार धावत होते की नेहमीच्याच गतीने चालले होते, यावर पुढचे सारे उपचार अवलंबून असतात. नेमके तेच मिनिट कुणी नोंदवलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी छातीच्या त्वचेखाली बसवण्याचे एक छोटे यंत्र वैद्यकशास्त्राने विकसित केले. ‘इम्प्लांटेबल लूप रेकॉर्डर’ हे त्याचे नाव.

अडचण वेळेची

हृदयाचे ठोके त्यातच निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युत संदेशांमुळे पडतात. झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूवर राहिलेला व्रण, झडपांचे आजार किंवा वाढते वय यांमुळे या संदेशांची वाट अडते वा भरकटते. परिणामी ठोके मंदावतात, काही सेकंद थांबतात किंवा अतिवेगाने पडू लागतात. हे बिघाड अनेकदा क्षणिक असतात. साध्या ईसीजीत काही सेकंदांचीच नोंद होते, त्यामुळे ते त्यात क्वचितच सापडतात.

दीर्घकाळ नोंद घेण्याची कल्पना अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील संशोधक नॉर्मन होल्टर यांनी मांडली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तयार केलेले पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा होल्टर मॉनिटर खिशात मावतो. पण त्याची नोंद बहुधा २४ ते ४८ तासांचीच असते. ज्याला सहा महिन्यांतून एकदा भोवळ येते, त्याची भोवळ नेमकी या दोन दिवसांत येण्याची शक्यता नव्वदात एक इतकीच. छातीला चिकटवण्याच्या पट्ट्या दोन आठवड्यांपर्यंत नोंद घेतात. पण क्वचित येणाऱ्या लक्षणांसाठी तेही पुरत नाही.

यंत्र काम कसे करते?

कॅनडातील लंडन, ओंटारिओ येथील जॉर्ज क्लाइन, अँड्र्यू क्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात या यंत्रावर पायाभूत संशोधन केले. सुरुवातीची यंत्रे बोटाएवढी होती आणि त्यांची बॅटरी वर्ष-दीड वर्ष टिकत असे. २०१४मध्ये आलेले ‘रिव्हील लिंक’ हे यंत्र जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब आणि सुमारे अडीच ग्रॅम वजनाचे होते. त्याची बॅटरी तीन वर्षे चाले. त्यानंतरच्या यंत्रांचे आयुष्य आणखी वाढले आहे.

पेसमेकरप्रमाणे यातून कोणतीही तार हृदयात जात नाही. छातीच्या डाव्या बाजूची जागा बधिर करून एक सेंटिमीटरच्या आसपास छेद घेतला जातो आणि यंत्र त्वचेखाली सरकवले जाते. प्रत्यक्ष बसवण्यास काही मिनिटे पुरतात आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. यंत्राच्या दोन टोकांवरील इलेक्ट्रोड अखंड ईसीजी टिपत राहतात. साठवणुकीची जागा मर्यादित असल्याने नवी नोंद जुन्या नोंदीवर चढत जाते. म्हणूनच त्याला ‘लूप’ म्हणतात. ठोका काही सेकंद चुकला, वेग ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेला किंवा ठोक्यांतील अंतर अनियमित झाले, की तेवढा भाग यंत्र आपोआप जपून ठेवते. रुग्णालाही त्रास जाणवल्यास छोट्या रिमोटचे किंवा मोबाइलमधील अ‍ॅपचे बटण दाबून मागील काही मिनिटांची नोंद राखता येते. ही माहिती रुग्णाच्या उशाशी ठेवलेल्या उपकरणामार्फत वा मोबाइलवरून रुग्णालयात पोहोचते.

अभ्यास काय सांगतात?

कारण न सापडलेल्या भोवळीच्या ६० रुग्णांवर कॅनडात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तपासण्यांतून २० टक्के रुग्णांचे निदान झाले, तर यंत्र बसवलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते.

हृदयविकाराच्या रुग्णांसाठी २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कॅरिस्मा’ हा युरोपीय अभ्यास अधिक महत्त्वाचा ठरतो. झटक्यानंतर हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के किंवा त्याहून कमी झालेल्या २९७ रुग्णांना हे यंत्र बसवण्यात आले. सुमारे दोन वर्षांत ४६ टक्के रुग्णांमध्ये तालातील बिघाड नोंदले गेले आणि त्यांतील ८६ टक्के बिघाडांची रुग्णांना जाणीवही झाली नव्हती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे संदेश अडून ठोके थांबण्याचा प्रकार हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूशी सर्वाधिक निगडित असल्याचे दिसून आले.

पक्षाघाताच्या बाबतीतही यंत्राचा उपयोग होतो. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात वरचे कप्पे नुसते थरथरतात, तेथे रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकू शकते. पक्षाघाताचे कारण न कळलेल्या ४४१ रुग्णांच्या ‘क्रिस्टल एएफ’ अभ्यासात (२०१४) वर्षभरात यंत्र बसवलेल्या १२.४ टक्के रुग्णांत हा विकार आढळला. नेहमीच्या तपासण्यांत केवळ २ टक्के रुग्णांत.

सापडला म्हणजे टळला, असे मात्र नाही. डेन्मार्कमधील ‘लूप’ अभ्यासात (२०२१) पक्षाघाताचा धोका असलेल्या सत्तर ते नव्वद वर्षांच्या सुमारे सहा हजार व्यक्तींचा समावेश होता. यंत्र बसवलेल्या गटात हा विकार जवळजवळ तिप्पट लोकांत सापडला, रक्त पातळ करणारी औषधेही अधिक जणांना सुरू झाली; पण पक्षाघात वा अन्य गुठळीजन्य विकाराचे प्रमाण ५.६ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही. या औषधांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही विसरून चालत नाही.

कुणासाठी, कुणासाठी नाही?

वारंवार पण क्वचित भोवळ येणारे आणि प्राथमिक तपासण्यांत कारण न सापडलेले रुग्ण, तसेच पक्षाघाताचे मूळ न कळलेले निवडक रुग्ण यांना या यंत्राचा लाभ होतो. नोंदीत ठोके थांबल्याचे दिसले तर पेसमेकर, घातक वेग दिसला तर आयसीडी किंवा औषधे, असा उपचाराचा मार्ग स्पष्ट होतो. भोवळीच्या वेळी ताल अगदी नियमित असल्याचे आढळले, तर तेही निदानच. मग कारण रक्तदाबात किंवा मेंदूच्या विकारात शोधता येते.

मात्र हे यंत्र केवळ नोंद करते. ते ठोका देत नाही, शॉकही देत नाही. म्हणूनच ज्याचा धोका आधीच सिद्ध झाला आहे, त्याने नोंदीची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. योग्य औषधोपचारानंतरही ज्यांची पंपिंग क्षमता ३५ टक्के वा त्याहून कमी राहिली आहे आणि भोवळही येते, अशा रुग्णांसाठी डॉक्टर साधारणपणे थेट आयसीडीचा विचार करतात. दर दोन-चार दिवसांनी त्रास होणाऱ्यांना होल्टरही पुरतो. यंत्राची किंमत पाहता हा भेद रुग्णाच्या खिशासाठीही महत्त्वाचा आहे.

रुग्णांनी लक्षात ठेवावे

- जखमेच्या जागी लाली, सूज, वेदना किंवा स्राव दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्गाचे प्रमाण कमी असले तरी तो होऊ शकतो.
- भोवळ येऊन गेल्यावर शक्य तितक्या लवकर बटण दाबावे. घरातील व्यक्तींनाही ते शिकवून ठेवावे.
- रुग्णालयात पोहोचलेली नोंद कुणीतरी त्याच क्षणी पाहत असते, असे गृहीत धरू नये. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पुन्हा शुद्ध हरपणे घडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.
- यंत्राचे ओळखपत्र जवळ बाळगावे. एमआरआयपूर्वी ते दाखवावे. नवी यंत्रे ठरावीक अटींवर एमआरआयमध्ये चालतात.
- यंत्र कधी कधी खोटा इशाराही देते. डॉक्टरांनी आलेख तपासल्याशिवाय औषध सुरू वा बंद करू नये.
- भोवळीचे कारण कळेपर्यंत वाहन चालवण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

यंत्र बसवण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यातून नेमके काय शोधायचे आहे, ते सापडल्यास उपचारात काय बदल होईल आणि आलेल्या नोंदी कोण व किती दिवसांनी पाहणार? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच छातीतल्या या साक्षीदाराची साक्ष रुग्णाच्या कामी येईल.