मोटारीचे हँडल आणि मनगटाची किंमत



किल्ली फिरवावी, 'टक्' असा आवाज यावा आणि गाडी मात्र सुरू होऊ नये, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. अशा वेळी आपण बॅटरीला शिव्या घालतो आणि मिस्त्रीला बोलावतो. पण त्या आवाजामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुख्यतः माणसाच्या मनगटाचा इतिहास आहे. मी शाळा फार शिकलो नाही. जे शिकलो ते चालक आणि मिस्त्री यांच्या संगतीत व कामगार संघटनेच्या कचेरीत. त्या शिदोरीवरच आज बोलणार आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला पहिला फेरा स्वतः घेता येत नाही. वाफेच्या इंजिनात दाबाखालची वाफ आधीच तयार असते. झडप उघडली की दट्ट्या चालू लागतो. पेट्रोलच्या इंजिनात आधी दट्ट्या फिरवून हवा आणि पेट्रोल आत ओढावे लागते, ते दाबावे लागते, आणि मगच ठिणगीचा उपयोग. हा पहिला फेरा बाहेरून कोणीतरी द्यावा लागतो. सुरुवातीच्या मोटारींत तो माणूस देत असे, पुढे उभा राहून, लोखंडी हँडल मारून.

ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटे फिरे आणि हँडल हातावर आपटे. अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाजवळ मोडण्याचा प्रकार इतका नित्याचा झाला की वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला 'शोफरचा अस्थिभंग' हे नाव पडले. म्हणून जुना चालक नवशिक्याला पहिला धडा देई तो हाच : अंगठा हँडलभोवती गुंडाळू नकोस, बोटांच्या बाजूलाच ठेव; आणि हँडल खालून वर ओढ. एखाद्या इजेला धंद्याचे नाव मिळते तेव्हा ती अपघात राहिलेली नसते. ती त्या नोकरीची अटच होऊन बसलेली असते.

हँडल जावे असे मालकांना केव्हा वाटले? अमेरिकेत बायरन कार्टर नावाचे एक मोटार-कारखानदार होते. ते 1908 साली वारले. बंद पडलेल्या गाडीचे हँडल उलटून त्यांना जबर दुखापत झाली आणि त्यातून मृत्यू ओढवला, ही हकीकत ऐकून कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड हळहळले, अशी कथा सांगितली जाते. तपशिलाविषयी मतभेद आहेत. पण कथेत दुःख आहे ते एका कारखानदाराचे. पगारी शोफरांची मनगटे त्याआधीपासूनच मोडत होती. त्यांची कथा कोणी सांगितली नाही.

लेलँड यांचे काम चार्ल्स केटरिंग यांनी हाती घेतले. डेटन शहरात रोकड-नोंदणीची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात त्यांनी त्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथला धडा त्यांनी इथे लावला : जी लहान मोटर सतत एवढा भार ओढू लागली तर जळून जाईल, तीच काही सेकंदांपुरता तो भार सहज ओढते. फेब्रुवारी 1911 मध्ये प्रयोग यशस्वी झाला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत 'सेल्फ', बसवून आला. सामान्यांची गाडी म्हणून गाजलेल्या फोर्डच्या 'टी' मॉडेलला तो मिळण्यास 1919 साल उजाडले. महाग गाडीच्या मालकाचे मनगट आधी सुटले, स्वस्त गाडीवाल्याचे नंतर. आपल्याकडे अँबॅसडर आणि फियाट यांच्याबरोबरही हँडल येत असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

आता तो 'टक्'. सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. तो किल्लीतून नेला तर किल्लीचे स्विच वितळेल. म्हणून किल्लीतून थोडासाच प्रवाह सॉलिनॉइडकडे जातो. सॉलिनॉइड आतली पट्टी ओढून मोठ्या प्रवाहाची वाट जोडतो. 'टक्' हा त्या जोडणीचा आवाज. निरोप पोचला, काम झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोष शोधताना हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे मंदावले आणि 'कट-कट-कट' असा आवाज झाला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे. ऋण तार आधी सोडा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुवा, घासून घट्ट आवळा. दिवे लख्ख राहिले आणि एकच ठोस 'टक्' झाला, तर बॅटरी बदलून भागणार नाही. सॉलिनॉइडचे संपर्क, सेल्फचे कार्बन ब्रश किंवा जाड तारांचे जोड तपासा.

याच शास्त्राने एका चालकाचा पगार वाचवला. एका मालवाहतूक कंपनीने 'निष्काळजीपणाने बॅटरी मारली' असे म्हणून त्याच्या पगारातून नव्या बॅटरीची किंमत कापली. नवी बॅटरी बसवली तरी आवाज 'टक्'च. आमच्या एका मिस्त्रीने बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या अंगाला जाड तार लावली आणि गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती. ती पट्टी बदलणे हे कंपनीच्या देखभालीचे काम. आम्ही ती गंजलेली पट्टी घेऊन व्यवस्थापकांच्या टेबलाशी गेलो. पुढच्या पगारात कापलेली रक्कम परत आली.

हँडल मारणाऱ्याच्या मनगटाची किंमत ज्यांनी धरली नाही, त्यांनीच चालकाच्या खिशाची तरी का धरावी? ती आपल्यालाच धरायला लावावी लागते, आणि त्यासाठी यंत्राची माहिती कामगाराच्या हाती असावी लागते. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे मांडला.