रक्तातला विळा आणि डोळ्यातला पडदा

१) १९५८ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा छोटा लेख प्रसिद्ध झाला. विदर्भात पिढ्यानपिढ्या वावरणाऱ्या एका दुखण्याची वैद्यकीय जगाने घेतलेली ही आरंभीची नोंद. आजार रक्ताचा, पण त्याची झळ डोळ्याच्या पडद्यालाही लागते. त्याचा हा इतिहास.

२) १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे लिहिले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये त्याची पहिली नोंद झाली. सहा वर्षांनी नागपूरची.

३) सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल वाहक ठरते, त्याला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकले. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. यात दोष कुणाचाच नसतो. तरीही विवाह जुळवताना तो कुणावर तरी लादला जातो.

४) कडक झालेल्या पेशी पडद्याच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. प्राणवायूला मुकलेला पडदा मग नव्या, नाजूक वाहिन्या उगवतो. समुद्रातील पंख्याच्या आकाराच्या प्रवाळासारख्या दिसणाऱ्या या वाहिन्या फुटल्या की डोळ्यात रक्तस्राव होतो. पुढे पडदाही सुटू शकतो. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या वाटचालीचे पाच टप्पे मांडले.

५) पहिल्या तीन टप्प्यांत रुग्णाला सहसा काहीच जाणवत नाही, कारण नजरेचा मध्यभाग शाबूत असतो. अंधार येतो तो बहुधा अचानक. वास्तविक जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्येच दिले होते. प्रश्न साधनाचा नव्हता. कुणाच्या डोळ्यात डोकावून पाहिले जाते, याचा होता.

६) उपचाराची कथा सूर्यग्रहणापासून सुरू होते. १९४५ चे ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या पडद्यावरील भाजल्याची खूण पाहून जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकराथ यांना सुचले, की प्रकाशाने पडदा मुद्दाम भाजूनही उपचार करता येईल. त्यातूनच पुढे लेझर आला. वेळीच वापरला, तर तो नव्या वाहिन्या आक्रसवतो आणि दृष्टी वाचवतो.

७) नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांचा लढा उभारला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. रामटेके यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

८) डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरील दोन जनुकीय उपचारांना मान्यता दिली. त्यांचा रोख रक्तातील दोषावर आहे. गेलेली दृष्टी ते परत आणत नाहीत. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षापासून, दर एक-दोन वर्षांनी, औषधाने बाहुली मोठी करून होणारी पडद्याची तपासणी आजही तितकीच मोलाची आहे. १८५१ पासून उपलब्ध असलेली ती नजर विदर्भातील शेवटच्या पाड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचेल, तेव्हा या इतिहासाचा पुढचा अध्याय लिहिला जाईल.