गुणगुणणाऱ्या घड्याळाची निगा

अमेरिकेतील बुलोव्हा कंपनीने २५ ऑक्टोबर १९६० रोजी 'अ‍ॅक्युट्रॉन' हे मनगटी घड्याळ बाजारात आणले. स्विस अभियंता मॅक्स हेट्झेल यांनी त्यात बॅलन्स व्हीलऐवजी सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा नादकाटा बसवला होता. महिन्याला एका मिनिटाहून अधिक फरक पडणार नाही, अशी हमी कंपनी देत असे. टिकटिकीऐवजी येणारी मंद गुणगुण ही त्याची ओळख. क्वार्ट्झच्या लाटेत १९७७ मध्ये उत्पादन थांबले. तरीही नीट जपलेली अ‍ॅक्युट्रॉन आजही उत्तम चालतात.

रचना : नादकाट्याच्या टोकांवर चुंबक असतात. तारेची वेटोळी आणि ट्रान्झिस्टर यांच्या साहाय्याने काटा कंपित राहतो. त्याला जोडलेली, टोकाशी रत्न असलेली बारीक पट्टी ३०० दात्यांचे चक्र एकेक दात्याने पुढे सरकवते. या चक्राचा व्यास जेमतेम २.४ मिलिमीटर असतो. चिमट्याचा ओझरता स्पर्शही त्याचे दाते निकामी करू शकतो.

सेलचा प्रश्न : मूळ यंत्रणा १.३५ व्होल्टच्या पारायुक्त सेलसाठी बनवलेली होती. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल बंद झाले. आजचे सिल्व्हर ऑक्साइड सेल १.५५ व्होल्टचे असतात. त्यामुळे '२१४' या पहिल्या यंत्रणेत काट्याचे कंपन मोठे होऊन चक्र एका वेळी अधिक दाते ओलांडू शकते आणि घड्याळ भरधाव पुढे जाते. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाखाली रत्नपट्ट्यांची जुळणी नव्याने करावी लागते किंवा व्होल्ट उतरवणारा जोडभाग वापरावा लागतो.

दुरुस्तीतील पथ्ये : उघडताना प्रथम सेल काढावा. चक्राला हात घालण्यापूर्वी रत्नपट्टी त्यापासून दूर सरकवावी. चिमटा चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचा असावा. चुंबकांना चिकटलेले लोखंडी कण काढावेत; मात्र नादकाटा चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रात कधीही ठेवू नये. वेटोळी धुण्याच्या द्रावणात बुडवू नयेत. त्यांची तार केसाहूनही बारीक असते. ती तुटली की बहुधा दुसऱ्या घड्याळातूनच सुटा भाग मिळवावा लागतो.

म्हणूनच घड्याळ दुरुस्तीला देण्यापूर्वी कारागिराने नादकाट्याची यंत्रणा पूर्वी हाताळली आहे का, हे अवश्य विचारावे. नेहमीचे क्वार्ट्झ समजून उघडलेले अ‍ॅक्युट्रॉन कायमचे मुके होऊ शकते.