पी. नोट म्हणजे काय?

नात कायद्याची पदवी घेऊन मुंबईच्या एका लॉ फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागली आहे. विषय कंपनी कायदा. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला.

"आजी, दिवसभर नुसते जुने करार वाचते आणि तक्त्यात तारखा भरते. हिशेबाचे कागद आले की काही कळत नाही. या कारकुनीसाठी का शिकले मी?"

आवाज रडवेला होता. "सोडून दे" असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण आयुष्यभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे तिच्याच वयाचा, तेवीस वर्षांचा एक वकील आठवला. तिला सांगितले तेच इथे लिहिते.

मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत घ्या म्हणाले. मग एका शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज केला. रोज एक तास, पगार ७५ रुपये. पदवीधर नाहीत म्हणून शाळेने नाकारले! (आम्हा शिक्षकमंडळींचा एक सहकारी तिथेच हुकला.)

१८९३ मध्ये ते दादा अब्दुल्ला यांच्या व्यापारी पेढीसाठी दक्षिण आफ्रिकेला निघाले. वर्षभराचा करार, १०५ पौंड आणि जाण्यायेण्याचे भाडे. आपण बॅरिस्टर म्हणून नव्हे, पेढीचे नोकर म्हणून जात आहोत, हे त्यांना ठाऊक होते. मॅरित्झबर्गला गाडीतून उतरवले ती गोष्ट सर्वांना पाठ असते. पण ते त्या गाडीत बसले होते ते याच पेढीच्या दाव्यासाठी, हे वर्गात सांगायचे राहून जाते.

दावा ४०,००० पौंडांचा, आणि सगळा हिशेबाचा. गांधींना जमा-नावे कळत नव्हते. 'पी. नोट' हा शब्द त्यांना कोशातही सापडला नाही. शेवटी पेढीच्या कारकुनाला विचारले, तेव्हा कळले की ती प्रॉमिसरी नोट, म्हणजे वचनचिठ्ठी. मग हिशेबलेखनाचे पुस्तक विकत आणून ते शिकले. प्रिटोरियात मोठे वकील दुसरेच होते. यांच्याकडे काम होते कागद वाचण्याचे, गुजराती पत्रव्यवहाराचे भाषांतर करण्याचे, हकिगत जुळवण्याचे.

त्या कागदांतूनच त्यांना दोन गोष्टी दिसल्या. आपल्या अशिलाची बाजू भक्कम आहे. आणि खटला लांबला तर एकमेकांचे नातलग असलेले दोन्ही शेठ खर्चानेच बुडतील. त्यांनी दोघांना लवादाला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च. एकरकमी दिले तर तैयबशेठचे दिवाळे निघणार, म्हणून गांधींनी खटपट करून हप्तेही बांधून घेतले. दुभंगलेल्यांना जोडणे हेच वकिलाचे खरे काम, हे ते तिथे शिकले.

नात थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, आमच्याकडे ट्रेनीचं कोण ऐकतं गं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. एवढेच म्हटले, "ऐकतील तेव्हा सांगायला, कागद तर वाचलेले हवेत ना?"

काल तिचा निरोप आला. कार्यालयातल्या एका जुन्या हिशेबनीसकाकांकडून ती ताळेबंद वाचायला शिकते आहे.

अजून तरी राजीनामा दिलेला नाही.